एअरलाइनचं मर्जर जाहीर झालंय? युनियनवाल्यांनी पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

मर्जरची बातमी आपल्याला कंपनी कधीच सांगत नाही, ती आधी टीव्हीवर येते, मग शिफ्टच्या व्हॉट्सअप ग्रुपवर फिरते आणि चार दिवसांनी एचआरचा मेल येतो की कोणाच्याही नोकरीला धक्का लागणार नाही. मी मुंबई एअरपोर्टवर ग्राउंडला बरीच वर्षं काढली, मर्जर स्वतः भोगलंय, कंपनीचं नाव इथे घेत नाही. तो मेल आला की परत एकदा नीट वाचा. त्यात नोकरी राहील असं लिहिलेलं असतं, पण ग्रेड, सीनियॉरिटी, बेस म्हणजे ड्यूटीचं शहर, रोस्टर म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, विमानप्रवासाचे पास, सिक लीव्ह, मेडिकल यातलं काहीच लिहिलेलं नसतं, आणि मर्जरमध्ये नेमकं तेच हातातून जातं, तेही एकदम नाही, वर्ष दोन वर्षांत थोडं थोडं करून.

पहिलं काम कागदांचं. अपॉइंटमेंट लेटर, कन्फर्मेशन लेटर, प्रत्येक प्रमोशनची ऑर्डर, मागच्या किमान दोन वर्षांच्या पे स्लिप, लीव्ह बॅलन्सचा स्क्रीनशॉट, पीएफचं स्टेटमेंट, ट्रेनिंग आणि लायसन्सची सर्टिफिकेटं, आणि युनियननं कंपनीशी केलेल्या शेवटच्या सेटलमेंटची, म्हणजे लेखी कराराची, सह्या असलेली कॉपी. हे सगळं घरी हवं, ऑफिसच्या लॉगिनमध्ये नाही, कारण सिस्टिम बदलली की जुनं पोर्टल बंद होतं आणि मग कोणी उत्तर द्यायला नसतं. माझं काय झालं ते सांगतो. मी ट्रेनी म्हणून लागलो आणि दोन वर्षांनी कन्फर्म झालो, जुन्या कंपनीत ट्रेनीची दोन वर्षं सर्व्हिसमध्ये धरायची पद्धत होती पण ती सगळ्यांना माहीत होती म्हणून कोणी लिहून घेतली नव्हती. नवीन सिस्टिममध्ये डाटा चढवताना माझी जॉइनिंगची तारीख म्हणून कन्फर्मेशनची तारीख पडली, ट्रेनीचं लेटर माझ्याकडे नव्हतं, आणि ज्या मुलाला मी काउंटरवर उभं राहायला शिकवलं तो लिस्टमध्ये माझ्या वर गेला. दोन वर्षं अर्ज केले, काही झालं नाही. एका कागदासाठी. म्हणून तोंडी चालत आलेली जी जी सवलत आहे, नाइट शिफ्टनंतर घरी सोडणारी गाडी असो की सणाचा अॅडव्हान्स असो, ती युनियननं मर्जरच्या आधीच पत्र लिहून रेकॉर्डवर आणावी आणि पत्राच्या कॉपीवर इनवर्डचा, म्हणजे पत्र मिळाल्याचा, शिक्का घ्यावा.

आता मर्जर कायद्यानं कसं होतं ते थोडक्यात, कारण कुठल्या दरवाजावर कधी जायचं ते यावरून ठरतं. दोन कंपन्यांची एक स्कीम बनते, ती एनसीएलटीपुढे, म्हणजे कंपन्यांच्या प्रकरणांच्या न्यायाधिकरणापुढे, जाते, कॉम्पिटिशन कमिशनची परवानगी लागते, परदेशी भागीदार असेल तर सरकारची आणखी एक. विस्तारा एअरलाइनचंच बघा, कॉम्पिटिशन कमिशनचा होकार सप्टेंबर २०२३ मध्ये, एनसीएलटीचा जून २०२४ मध्ये आणि प्रत्यक्ष एअर इंडियात विलीन झाली १२ नोव्हेंबर २०२४ ला. म्हणजे वर्षाच्या वर वेळ होता. हा मधला काळच आपला असतो, पण बहुतेक युनियन तो अफवांमध्ये घालवतात. स्कीमचा कागद मिळवा, त्यात कर्मचाऱ्यांवर एक छोटासा परिच्छेद असतो, सर्व्हिसमध्ये खंड पडणार नाही आणि अटी आधीपेक्षा कमी फायद्याच्या नसतील असं साधारण लिहिलेलं असतं. तो परिच्छेद मराठीत करून नोटीस बोर्डवर लावा, पुढची सगळी भांडणं त्याच चार ओळींवर होतात.

पण एनसीएलटीत जाऊन मर्जरच थांबवू अशी आशा कोणी दाखवत असेल तर त्यात युनियनचा फंड ओतू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. टाटा ऑइल मिल्स हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन होत होती तेव्हा लिव्हरची युनियन सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, आणि १९९४ मध्ये हरली. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की येणाऱ्या कामगारांच्या अटी राखल्या आहेत ना, मग नुसत्या भीतीवरून स्कीम मोडता येणार नाही. म्हणून मर्जर थांबवण्यापेक्षा मर्जरच्या अटींवर जोर लावा.

अटींसाठी कायद्यात काय आहे तर जुन्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स अॅक्टचं कलम २५एफएफ, ज्याची तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्येही आहे. अर्थ असा की एक वर्षाची सलग सर्व्हिस असलेल्या कामगाराची कंपनी दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याला नोटीस आणि भरपाई, म्हणजे दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, द्यावी लागते, आणि ती टाळायची असेल तर नव्या मालकानं तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत: सर्व्हिस सलग धरायची, अटी आधीपेक्षा वाईट करायच्या नाहीत, आणि पुढे कधी कमी केलं तर जुनी वर्षं धरूनच भरपाई द्यायची. ही तीन वाक्यं तोंडपाठ करा. नव्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की त्यात जॉइनिंगची तारीख कुठली आहे ते आधी बघा, आणि मागच्या सर्व्हिसचा उल्लेखच नसेल तर सही करू नका, युनियनमार्फत सगळ्यांनी एकत्र पत्र द्या की उल्लेख टाका, मग सही करतो. एकट्यानं अडवलं तर दबाव येतो, चारशे जणांनी एकच पत्र दिलं तर लेटर बदलतं.

यात एक सापळा आहे. हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराला आहे, मॅनेजरला नाही, आणि सुपरवायझरचं काम करून ठरावीक मर्यादेच्या वर पगार घेणाऱ्यालाही नाही, नव्या कोडमध्ये ती मर्यादा महिना १८,००० आहे. मर्जरच्या आसपास बऱ्याच जणांना अचानक एक्झिक्युटिव्ह, टीम लीड, असिस्टंट मॅनेजर अशी पदं मिळतात, घरी पेढे वाटले जातात आणि माणूस युनियनच्या बाहेर पडतो. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियानं नवीन पगाररचना आणली तेव्हा चार वर्षं झालेल्या कमांडरना, म्हणजे विमानाच्या मुख्य पायलटांना, मॅनेजमेंटमध्ये धरायची गोष्ट त्यात होती आणि पायलटांच्या दोन्ही युनियननी त्याला हरकत घेतली होती, ती का घेतली ते आता कळेल. नुसतं पदाचं नाव बदलून कामगार मॅनेजर होत नाही, कोर्ट प्रत्यक्ष काम बघतं, पण ते सिद्ध करायला वर्षं जातात. म्हणून नवीन पद स्वीकारताना रोज काय काम करता ते एका मेलमध्ये लिहून साहेबांना पाठवून ठेवा.

आता सीनियॉरिटी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एअरलाइनमध्ये सीनियॉरिटीवर सगळं उभं असतं, कोण कमांडर होणार, कोणाला मोठं विमान मिळणार, कोणाला दिवाळीची सुट्टी, कोणाची बदली, आणि वाईट दिवस आले तर आधी कोण घरी जाणार. आणि इथेच कंपनीला काही करावंच लागत नाही, दोन युनियन एकमेकींचं वाटोळं करतात.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक केल्या, नवीन कंपनी नॅसिल. विमानांवरचा रंग एक झाला पण आतमध्ये दोन घरं तशीच राहिली, पगाराची पद्धत वेगळी, प्रमोशनचा वेग वेगळा, युनियन वेगळ्या. इंडियन एअरलाइन्सच्या बाजूच्या पायलटांची आयसीपीए, एअर इंडियाच्या बाजूची इंडियन पायलट्स गिल्ड. एप्रिल २०११ च्या शेवटी आयसीपीएनं समान पगारासाठी संप केला, दहा दिवस चालला, मान्यता काढून घेतली गेली, मग मे मध्ये समेट झाला आणि त्यानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली, म्हणजे मर्जर होऊन चार वर्षांनी दोन्हीकडच्या माणसांना एका पट्टीवर कसं बसवायचं याचा विचार सुरू झाला! समितीचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला. आणि त्याच वर्षी मे मध्ये गिल्डचा संप, कारण नव्या येणाऱ्या बोइंग ७८७ ड्रीमलायनरचं ट्रेनिंग इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही मिळणार होतं आणि त्यामुळे आपलं प्रमोशन मागे पडेल ही भीती. तो संप ५८ दिवस चालला, गिल्डची मान्यता गेली, शंभरावर पायलट काढले गेले, शेवटी दिल्ली हायकोर्टात संप मागे घेतला. एकदा हे लढले तेव्हा ते कामावर, एकदा ते लढले तेव्हा हे कामावर. दोन्ही युनियन एका टेबलावर बसून २००७ मध्येच ठरवू शकल्या असत्या असं मला आजही मनापासून वाटतं.

अमेरिकेतलं उदाहरण तर त्याहून वाईट. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं टीडब्ल्यूए ही दुसरी एअरलाइन घेतली, अमेरिकनच्या केबिन क्रूच्या युनियननं टीडब्ल्यूएच्या सगळ्या क्रूला लिस्टच्या तळाशी टाकलं, वीस वीस वर्षं नोकरी केलेल्या बायका कालच्या मुलींच्या खाली. मग ११ सप्टेंबर झालं, कपात आली, आणि जुलै २००३ पर्यंत टीडब्ल्यूएची सगळी क्रू घरी बसलेली होती. त्या अन्यायातूनच २००७ मध्ये तिकडे मॅकॅस्किल बाँड कायदा आला की दोन लिस्ट एक करताना ती न्याय्य पद्धतीनं करायची आणि जमलं नाही तर लवाद. आपल्याकडे एअरलाइनसाठी असा कायदा नाही, म्हणून हे आपल्यालाच आपसात ठरवावं लागतं.

मर्जर जाहीर झाल्यावर पहिल्या महिन्यात समोरच्या कंपनीच्या युनियनला, युनियन नसेल तर तिथल्या चार जाणत्या माणसांना, चहाला बोलवा, मॅनेजमेंटशिवाय. दोन्हीकडच्या लिस्ट समोर ठेवा. पद्धती साधारण तीन. एक, सरळ जॉइनिंगच्या तारखेनं लावायचं, सोपं आणि समजायला न्याय्य, पण एक कंपनी जुनी आणि दुसरी काल परवाची असेल तर नवीन कंपनीतली सगळी माणसं खाली जातात आणि तिथे ज्याला कमांड मिळालेली असते तो कायमचा चिडतो. दुसरी प्रमाणाची, म्हणजे हजारातला शंभरावा आणि तीनशेतला तिसावा शेजारी शेजारी. तिसरी, लिस्ट एक करायची पण काही वर्षं कुंपण ठेवायचं, जी विमानं किंवा जो बेस ज्यांनी आणला त्यावरची प्रमोशन तेवढी वर्षं त्यांचीच. माझा कल तारीख अधिक कुंपण याकडे आहे, ग्राउंड स्टाफमध्ये तर हे चांगलं बसतं. पण कुठलीही निवडा, दोन्ही युनियनच्या सह्यांनी एकच प्रस्ताव कंपनीला द्या. कंपनीची तात्पुरती लिस्ट नंतर येईल तेव्हा हरकतीची मुदत थोडी असते, त्यात प्रत्येकानं आपलं नाव, तारीख, ग्रेड तपासून लेखी हरकत द्यायची, "साहेब म्हणाले बघतो" यावर राहायचं नाही.

युनियनची मान्यता हा लगेच पुढचा विषय. नव्या कोडमध्ये ज्या युनियनकडे ५१ टक्के कामगार तीच वाटाघाटी करणार, कोणाकडेच तेवढे नसतील तर २० टक्के किंवा जास्त कामगार असलेल्या युनियनची मिळून कौन्सिल. आता गणित करा, तुमच्या कंपनीत दोन हजारातले चौदाशे तुमचे मेंबर, ७० टक्के, एकदम मजबूत. मर्जर झाल्यावर एकूण सात हजार झाले की तेच चौदाशे म्हणजे बरोबर २० टक्के. तुम्ही काहीही चूक न करता एकट्यानं वाटाघाटी करायचा हक्क गेला, कौन्सिल झालीच तर तिच्यात जेमतेम जागा, आणि एक मेंबर कमी झाला तर तीही नाही. म्हणून मेंबरशिपची मोहीम मर्जरनंतर नाही, आधी सुरू करायची, आणि समोरच्या कंपनीत युनियनच नसेल, नवीन प्रायव्हेट एअरलाइनमध्ये बहुतेक नसतेच, तर तिथल्या पोरापोरींशी आत्तापासून बोलायचं, त्यांना तुमची भाषा जुनाट वाटेल, वाटू दे, त्यांच्या रोस्टरच्या तक्रारीपासून सुरुवात करा. दुसरं, चालू सेटलमेंटची मुदत संपली असली तरी कोणीतरी रीतसर नोटीस देऊन ते संपवेपर्यंत लागू राहतं, त्यामुळे मर्जरच्या तोंडावर उत्साहात नवीन डिमांडसाठी जुनं सेटलमेंट स्वतःच संपवायची चूक करू नका.

मग छोटे छोटे बदल सुरू होतात, याला हार्मोनायझेशन म्हणतात. विस्ताराच्या पायलटांना महिन्याला ७० तासांचे पैसे पक्के होते, एअर इंडियाच्या रचनेत ते ४० होत होते, एप्रिल २०२४ मध्ये त्यावरून किती फ्लाइट रद्द झाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. किंवा विलीनीकरणानंतर १ डिसेंबर २०२४ पासून केबिन क्रूनं लेओव्हरला, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाला, हॉटेलची खोली दोघांत वापरायची हा नियम, क्रूच्या असोसिएशननं त्याला विरोध केला. बाहेरच्याला खोली म्हणजे किरकोळ वाटेल, रात्री तीनला उतरून झोपायचं असतं आणि शेजारच्याचा अलार्म पाचचा असतो तेव्हा कळतं. पगार, भत्ते, कामाचे तास, रजा, ग्रेड, रूढीनं चालत आलेली सवलत असलं काही बदलायचं तर मालकाला २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. नोटीस आली नसेल तर तेवढ्याच मुद्द्यावर लेबर कमिशनरकडे जा. एअरलाइनसाठी केंद्राचं लेबर खातं असतं, राज्याचं नाही, मुंबईत सायनचं श्रम रक्षा भवन, इथे बरेच जण चुकून राज्याच्या ऑफिसात खेटे घालतात. आणि वाद एकदा कन्सिलिएशनमध्ये, म्हणजे लेबर अधिकाऱ्यापुढच्या समेटाच्या प्रक्रियेत, दाखल झाला की त्या विषयातल्या अटी मालकाला वाद चालू असताना बदलता येत नाहीत, म्हणून महत्त्वाचे मुद्दे लवकर दाखल करून ठेवणं हीच खरी ढाल.

संपाबद्दल. रागात सगळ्यांनी सिक मारायची हा मार्ग सोपा वाटतो. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसची क्रू मोठ्या संख्येनं आजारी पडली, एआयएक्स कनेक्ट या एअरलाइनशी मर्जर चालू होतं, शेकड्यानं फ्लाइट अडकल्या, पंचवीस जणांना टर्मिनेशन लेटर गेली. दोन दिवसांत दिल्लीत लेबर कमिशनरपुढे बैठक झाली आणि ती माणसं परत घेतली गेली, पण ते जमलं याचं एक कारण असं की युनियननं आधीच तक्रारी लेबर खात्याकडे लेखी नेलेल्या होत्या. आता नव्या कोडमध्ये निम्मे किंवा जास्त कामगार एकाच दिवशी ठरवून कॅज्युअल लीव्हवर गेले तर तो संपच धरला जातो, संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि कन्सिलिएशन चालू असताना संप करता येत नाही. म्हणजे नोटीस देऊन, रेकॉर्ड बनवून, मगच.

तुमची कंपनी सरकारी असेल आणि प्रायव्हेटमध्ये जाणार असेल तर आणखी तीन गोष्टी. विकण्याच्या आधी कंपनीचे तुकडे होतात का ते बघा: एअर इंडियाची ग्राउंड हँडलिंग आणि इंजिनिअरिंग आधीच वेगळ्या कंपन्यांत काढली होती, आणि २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडे ताबा गेला तेव्हा त्या कंपन्या सरकारकडेच मागे राहिल्या. तुमचं डिपार्टमेंट वेगळ्या सबसिडियरीत टाकायची ऑर्डर निघाली तर "नुसतं नाव बदलतंय" यावर विश्वास ठेवू नका, मूळ कंपनीत परत यायचा हक्क लिहून मागा. दुसरं, घर आणि मेडिकल, मुंबईतल्या एअर इंडियाच्या कलिना कॉलनीतली माणसं घरं सोडायच्या मुदतीवरून मुंबई हायकोर्टात गेली, पोरांच्या शाळा तिथे, म्हातारी माणसं तिथे, हे सगळं विक्रीच्या अटी ठरतानाच मांडायला हवं होतं. तिसरं कोर्टाचं, सरकारी कंपनीवर हायकोर्टात रिट, म्हणजे थेट याचिका, करता येते, खासगी झाली की येत नाही. एअर इंडियाच्या काही जुन्या कर्मचाऱ्यांनी प्रमोशन आणि वेतनाच्या थकबाकीसाठी खूप आधी केलेल्या रिट सुप्रीम कोर्टानं मे २०२४ मध्ये याच कारणानं चालणार नाहीत म्हणून सांगितलं, वर्षानुवर्षं तारखा घेऊन. त्यामुळे तुमची रिट प्रलंबित असेल तर वकिलाला आजच विचारा की लेबर कोर्टाचा मार्ग सोबत उघडा ठेवता येईल का.

व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, फॉर्म आला तर घरी न्या, दोन रात्री ठेवा, बायको किंवा नवऱ्याबरोबर आकडे लिहा, मेडिकल किती वर्षं मिळणार, पास मिळणार का, पीएफ पेन्शनला दहा वर्षं पूर्ण होतायत का. कंत्राटावरच्या मुलांना पण या सगळ्यात सोबत घ्या, त्यांना कोणी मेल पाठवत नाही आणि पहिली कपात त्यांच्यावरच येते.

आणि नव्या कंपनीची पहिली पे स्लिप आली की जुनी शेजारी ठेवून एकेक ओळ पेनानं टिक करत जा: बेसिक, डीए असेल तर डीए, शिफ्ट अलाउन्स, ओव्हरटाइमचा दर, पीएफ कपात, युनियनची वर्गणी कापली गेली आहे का, लीव्ह बॅलन्स, जॉइनिंगची तारीख. आमच्याकडे युनियनच्या खोलीत एका ताईनं तीन संध्याकाळी बसून पावणेदोनशे स्लिपा अशा तपासल्या होत्या आणि साठेक लोकांचा नाइट अलाउन्स गायब निघाला, सगळ्यांची एकच यादी करून त्याच आठवड्यात दिली म्हणून पुढच्या महिन्यात तो परत आला. ज्यांनी तीन महिन्यांनी सांगितलं त्यांना मागचे पैसे मिळाले नाहीत.